एकच चाल

शेवटचं कडवं अर्ध्यात असतानाच साहेबांनी हात वर केला. गळे एकेक करत थांबले. सगळ्यांत शेवटी बायकांच्या मागच्या रांगेतला खालचा सूर विझला.

"छान आहे," साहेब म्हणाले. "पण मास्तर, ही माणसं चार वाटांनी का चाललीत?"

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "रानातली सकाळ आहे, साहेब. एक पक्षी दुसऱ्याचं म्हणत नाही. चारही चाली एकदम कानावर पडल्या, तरच रान उभं राहतं."

"रान रानात. हे परवा चौकात गायचंय. कुणाकडे कान द्यायचा, हा प्रश्नच लोकांना पडता कामा नये. सगळ्यांनी वरची चाल धरा. सोपं करा."

"सोपं केलं तर हे गाणं राहणार नाही. दुसरंच काहीतरी होईल."

"होऊ दे की."

पुरुषांमधला सगळ्यांत खर्जाचा गडी, ज्याला सगळे ढोल्या म्हणत, मागून बोलला, "साहेब, एवढ्या वर जायला मला शिडी लागेल हो!"

खसखस पिकली. साहेबही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. मग त्यांनी विचारलं, "नाव काय तुमचं?"

त्यानंतर कुणी हसलं नाही.

मास्तरांनी हात उचलला. सगळे एकच चाल गाऊ लागले. गाणं मोठं झालं, ठणठणीत झालं आणि वरवंटा फिरवल्यासारखं सपाट झालं. पहिलं कडवं सरलं. दुसऱ्यात, त्या सगळ्या आवाजाच्या तळाशी, तो खालचा सूर पुन्हा लागला. अगदी हलका.

मास्तरांनी तो लगेच ओळखला. रोज स्वयंपाकघरातून ऐकू यायचा तो. ही खालची चाल त्यांच्या बायकोनंच बांधली होती; बाकीच्या तीन त्यांनी नंतर तिच्याभोवती रचल्या होत्या. त्यांनी डोळ्यांनी तिला खुणावलं, नको. तिनं डोळे मिटले आणि गात राहिली.

साहेबांनी हात वर केला.

"खाली कुणीतरी वेगळं गातंय. मास्तर, तुमचा कान तयार आहे. कोण?"

मास्तरांनी मागच्या रांगेकडे पाहायचं टाळलं. "कुणी नाही, साहेब. खोली घुमते. भिंती आवाज परत फेकतात."

साहेबांनी मान वळवून चारही भिंती पाहिल्या. त्यांच्यावर छतापासून जमिनीपर्यंत जाड पडदे सोडलेले होते.

"असेल, असेल," ते म्हणाले. "मग खोली बदलू या. चला सगळे. गाड्या खाली उभ्याच आहेत."

कुणी जागचं हललं नाही. मग मास्तरांची बायको रांग सोडून पुढे आली. "साहेब, मी..."

मास्तरांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"आता राहू द्या, वहिनी," साहेब मायेनं म्हणाले. "खोलीच घुमते ना?"

माणसं दाराकडे सरकू लागली. चपला पायांत अडकवण्याखेरीज कसलाच आवाज नव्हता. ढोल्यानं सवयीनं बाजाची पेटी उचलून काखेत मारली.

"ती ठेवा इथेच," साहेब म्हणाले. "तिथे लागणार नाही."