बंबाच्या मापाची काठी

अग्निशमन केंद्रातल्या ड्रायव्हरकाकांकडे एक काठी होती, बरोब्बर बंबाच्या रुंदीची. दर शनिवारी ती आडवी धरून मागच्या गल्लीतून चालायचे. काठी अडली की बंबही अडणार. वर्षभर दारोदार घसा कोरडा केल्यावर कुंड्या हलल्या, स्कूटरी हटल्या. गल्लीतल्या एका आजींची पुढे आलेली पायरी तेवढी राहिली. "आमच्या ह्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलीय रे!" आज मात्र आजींनी ती फोडायला लावली. "आता वेळेवर येशील ना?" "येणारच, आजी!" काठी पहिल्यांदाच कुठेच अडली नाही. काका तरंगतच केंद्रावर परतले. दारात कोरा करकरीत बंब उभा! "जुना मुख्यालयानं नेला. ह्यात दुप्पट पाणी मावतं!" साहेबांना आभाळ ठेंगणं झालेलं. काकांनी नव्या बंबाला काठी लावून पाहिली. वीतभर तोकडी पडली. "साहेब, हा गल्लीत शिरणार नाही!" साहेब हसले. "एवढंच ना? नवी काठी कापून घ्या."