हार्टवेलचा इतिहास

"माझं पान कुणी काढलं?" इंदुमती सबनीसांनी छापून आलेली पुस्तिका व्यवस्थापकासमोर धरली. डेट्रॉइटजवळच्या या मोटार कारखान्यात त्यांनी तीस वर्षं इंजिनिअर म्हणून काढली होती. 'हार्टवेल' ही त्यांनी घडवलेली गाडी आता बंद होत होती. तिचा इतिहास कंपनीनं त्यांच्याकडूनच लिहून घेतला होता.

"आज गाडीच्या निरोपाचा कार्यक्रम आहे, इंदू. वॉल्टरचा विषय कशाला?" तो म्हणाला.

पुढची चाकं फिरवणारा दांडा वळणावर तुटू शकतो, असा अहवाल त्यांच्या सहकाऱ्यानं, वॉल्टरनं, गाडीच्या पहिल्याच वर्षी दिला होता. कंपनीनं त्यालाच घरी बसवलं. दोन कुटुंबं अपघातात गेली, तेव्हा कुठे दांडा बदलला. त्या अहवालावर दुसरी सही इंदुमतीबाईंची हवी होती. त्यांनी ती केली नव्हती. हे सगळं त्यांनी त्या काढलेल्या पानावर लिहिलं होतं.

"तुमच्यापुरता विषय संपला असेल," एवढंच बोलून त्या मंचावर गेल्या. त्यांनी पर्समधून मूळ कागद काढला आणि भाषणाऐवजी तेच पान वाचायला घेतलं. वॉल्टरचं नाव येताच कुणीतरी माइक बंद केला. त्यांनी आवाज चढवला आणि शेवटपर्यंत वाचलं.

मागच्या रांगेतून एक म्हातारा कामगार उठला. "बाई, शेवटचं वाक्य ऐकू आलं नाही."

त्यांनी कागद खाली ठेवला.

"सही करायची माझी हिंमत झाली नाही," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी आणखी मोठ्यानं.