बाई जाईपर्यंत

बेल वाजली तेव्हा मोठीने घरावरून शेवटची नजर फिरवली. इन्सुलिनची पेनं शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये मुक्कामाला गेली होती. सुयांचा डबा पलंगाखाली, पार भिंतीला टेकून. मुंगीच्या दंडावर टोचल्याचे ठिपके होते, म्हणून एवढ्या उकाड्यात तिला लांब बाह्यांचा फ्रॉक चढवला होता. पुरावा म्हणून घरात काही उरलं नव्हतं. उरली होती फक्त मुंगी.

मुंगी म्हणजे धाकटी. एका जागी टिकत नाही म्हणून बाबांनी ठेवलेलं नाव. बालवाडीत असतानाच तिला मधुमेह निघाला. बाबांची जुनी नोकरी सुटली तसा त्या नोकरीबरोबरचा विमाही सुटला, आणि मग दोन कंपन्यांनी ‘आधीपासूनचं दुखणं’ म्हणून मुंगीला दारातूनच परत पाठवलं. ही तिसरी. हिनेही नाही म्हटलं तर रोजच्या इंजेक्शनांचं काय करायचं, हे घरात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

म्हणून आजचा बेत. बेत अर्थातच मोठीचा. ती दहावीत होती. यंदा शाळेच्या नाटकाचं दिग्दर्शन तिच्याकडे आलं होतं, आणि तेव्हापासून ती घरातल्यांनाही दिग्दर्शनच करत होती. सकाळचं इंजेक्शन नेहमीसारखं द्यायचं, खायला मात्र तपासणी झाल्यावर. म्हणजे रक्तातली साखर कशी शहाण्यासारखी खाली राहील. डॉक्टरांनी असं करू नका म्हटलंय गं, असं आईने पुटपुटून पाहिलं. तासाभराचा तर प्रश्न आहे, म्हणून मोठीने तिला गप्प केलं.

विमा कंपनीकडून तपासणीला येणाऱ्या बाई गर्दीत अडकल्या आणि चांगल्याच उशिरा आल्या. घामाघूम, हसऱ्या, आल्या आल्या हक्काने पाणी मागणाऱ्या. खडूस असत्या तर बरं झालं असतं, मोठीला वाटलं. थाप मारायला सोपं गेलं असतं.

घरात कुणाला काही आजार आहे का, त्यांनी विचारलं. आई फरशीकडे बघत ‘नाही’ म्हणाली. मोठीने त्यावर आपली भर घातली, की हिला तर साधी सर्दीसुद्धा कधी होत नाही. मग मुंगीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं. “मी मुंगी. मी एकदम ठणठणीत आहे.” बाई खळखळून हसल्या.

बॅग उघडता उघडता त्या सहज म्हणाल्या, की हल्ली त्यांचं काम फार सुखाचं झालंय. गेल्या महिन्यापासून नवा नियम लागू झाला. आधीपासूनचं दुखणं असलं तरी लहान मुलांना विमा नाकारता येत नाही. पूर्वी आई-बाप लपवायचे आणि बाईंना ते पकडावं लागायचं. घरी गेल्यावर जेवण जायचं नाही.

“आता नुसतं सांगायचं, की झालं,” त्या म्हणाल्या. “लपवलं तरच कंपनी हात वर करते.”

आईने मोठीकडे पाहिलं. मोठीने आईकडे. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्याच्या आधी, आत्ता हसत हसत खोटं बोललो हे कबूल करावं लागलं असतं, आणि वादविवादात भल्याभल्यांना गार करणारी मोठी मुंगीच्या फ्रॉकची बाही खाली ओढत राहिली. तिला वाटलं, आई सांगेल. आईला वाटलं, मोठी सांगेल; मघापासून तीच तर बोलत होती.

बाईंनी मुंगीचं बोट धरलं आणि टोचलं. मुंगीने हूं की चूं केलं नाही. एवढीशी पोरं सुई बघून घर डोक्यावर घेतात. बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं, मग यंत्रावरच्या पार खाली घसरलेल्या आकड्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. मुंगीच्या कपाळावर घाम डवरला होता. ओठ पांढरे पडले होते. बाईंच्या हातातलं ते इवलंसं बोट थरथरत होतं.

“हिला इन्सुलिन दिलंय का?” त्यांनी अगदी हळू विचारलं.

“हो,” मोठी म्हणाली. “खायला नाही दिलं. मीच म्हटलं होतं तसं.”

विम्याचं नंतर बघू, आधी हिला साखरपाणी द्या, असं बाई म्हणेपर्यंत आई पेला घेऊन धावत आलीही होती. पण मुंगीने तोंड घट्ट मिटून घेतलं. पेला ओठांना लागला तशी तिने मान फिरवली. आईने गयावया केली. मोठीने समजावलं, की अगं, त्यांना कळलंय, मीच सांगितलं. मुंगीला ते पटेना. बाईंच्या समोर साखरेचं नाव जरी काढलंस तरी तुझं औषध बंद होईल, असा दम मोठीनेच तर भरला होता.

“मला नको,” मुंगी म्हणाली. तिचे दात वाजत होते. “मला काही झालेलंच नाही.”

बाई क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी बॅग बंद केली, चपला घातल्या. “झालं बाई माझं काम. येते हं, मुंगीबाई,” असं मोठ्याने म्हणून त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं.

“गेल्या?” मुंगीने विचारलं.

“गेल्या,” मोठी म्हणाली.

मुंगीने दोन्ही हातांनी पेला धरला आणि एका दमात रिकामा केला. हनुवटीवरचे ओघळ बाहीला पुसले. थोड्या वेळाने तिच्या ओठांवर रंग आला.

“ताई, मी बरोबर बोलले ना?”

मोठीला तिच्याकडे बघवेना. ती दाराकडे बघत राहिली. दाराखालच्या फटीत दोन पावलांची सावली होती. ती हलत नव्हती.