लाटांचा साबण

उभी हयात दुकानांच्या पाट्या रंगवलेल्या धम्मपालांचा हात कापायला लागला, तसे ते घाटकोपरला घरीच बसले. मुलगी मनाली घरी साबण करायची. वितळलेल्या साबणाचे तीन रंग साच्यात ओतले की ती काडी बाबांच्या हातात द्यायची. त्यांच्या कापऱ्या हाताने रंगांत अशा बारीक लाटा उठायच्या, की गिऱ्हाइकं तोच साबण मागू लागली.

मग डॉक्टरांनी गोळी बदलली. महिन्याभरात काडीची रेघ सरळ यायला लागली.

"तुझी गिऱ्हाइकं तुटतील गं," धम्मपाल ओशाळून म्हणाले.

तेवढ्यात मुलुंडच्या एका बाईंचा फोन आला. "लाटांचे वीस साबण हवेत."

"ते आता मिळायचे नाहीत," मनाली हसत म्हणाली. "बाबांचा हात बरा झालाय."