घट्ट होल्स्टर

"हेही घट्टच आहे," पहारेकरी म्हणाला.

त्याच्या कमरेला चामड्याच्या कारागिराने आपल्या दुकानात आणखी एक होल्स्टर लावून पाहिलं होतं. आत मापासाठी ठेवलेलं रिव्हॉल्वर होतं, लाकडी, पोटात शिसं भरलेलं, वजनाला खऱ्यासारखं. खरं बँकेच्या तिजोरीत पडून होतं. उद्या सकाळी ते पुन्हा त्याच्या कमरेला लागायचं होतं. त्या काळी बँकेच्या दारात एक स्टूल आणि रिव्हॉल्वर बाळगणारा एक माणूस, एवढा बंदोबस्त पुरे असे.

पहारेकऱ्याने उजवा हात रिव्हॉल्वरच्या मुठीवर नेला. बोटं मुठीभोवती गेली, पण आवळली नाहीत. हात वर आला तो रिकामाच.

कारागिराने होल्स्टर सोडून घेतलं आणि आत दोन बोटं घालून पाहिलं. "नवं चामडं आहे, भाऊ. नवं म्हणजे आखडूच. थोडं तेल पाजतो."

"पाजा. पोटभर पाजा." पहारेकरी हसला. हसताना त्याच्या तोंडाचा उजवा कोपरा जागचा हलला नाही.

त्याची बायको दाराशी, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं तिनेच लावली होती. झटका येऊन गेला, आता सगळं ठीक आहे, असं तो भेटेल त्याला सांगत होता. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते.

"अहो, जुनं काय वाईट होतं?" तिने विचारलं.

"जुनं आवळलंय."

"चामडं आवळतं होय पडून पडून?"

"माणूस आखडतो की पडून पडून. चामडं कुठलं मोठं लागून गेलंय!"

कारागिराने हसल्यासारखं केलं. मग त्याने फळीवरून एक वापरलेलं होल्स्टर काढलं, तोंडाशी सैल झालेलं, आणि पट्ट्यात ओवून दिलं. पहारेकऱ्याने दोन बोटं मुठीखाली अडकवून हात वर ओढला. रिव्हॉल्वर आलं. लटकत का होईना, बाहेर आलं.

"बघा! हात काय बिघडलाय? उगाच सगळे मिळून मला आजारी पाडतायत."

तो बँकेच्या दारात बसतो तसा ऐटीत खुर्चीत बसायला गेला. कंबर वाकली आणि रिव्हॉल्वर सटकून धाडकन जमिनीवर आपटलं. त्याने ते डाव्या हाताने उचललं.

"स्क्रू आहे त्याला," कारागीर म्हणाला. "आवळतो थोडा."

आवळला, तर रिव्हॉल्वर निघेना. सैल केला, तर वाकताच पडलं. पुन्हा आवळला. घट्ट आणि सैल यांच्यामध्ये कुठेतरी एक जागा असते, आणि ती जागा कारागिराच्या बोटांना नेहमी आपोआप सापडत आली होती. आज सापडेना. शेवटी त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि पहारेकऱ्याकडे न बघता म्हणाला, "डाव्या कमरेचं शिवून देऊ का? डावखुरे नेतात की."

"नको."

"संध्याकाळपर्यंत होईल."

"अहो, उद्या साहेब आधी माझी कंबरच बघणार. सगळा जन्म उजवीकडे लावलं. डावीकडे दिसलं की संपलं. घरी बसा म्हणतील."

"मग बसा की घरी," बायको म्हणाली.

"बसून काय करू? तुला बटणं लावायला देऊ?"

तिने पिशवीचे बंद उगाचच सारखे केले.

पहारेकरी फळीपाशी गेला. एकेक होल्स्टर डाव्या हाताने दाबून पाहू लागला, बाजारात फळं दाबून बघावीत तसा. मग त्याने पहिलंच उचललं, जाड चामड्याचं, जे त्याला तसूभरही दाद देत नव्हतं.

"हे द्या."

कारागीर गोंधळला. "भाऊ, ह्यातून तर अजिबात..."

"पडत तर नाही ना? पडलेलं चारचौघांना दिसतं. काढता येत नाही हे कोणाला दिसणार आहे? आजवर एकदा तरी काढलंय का मी? संध्याकाळी पट्ट्यासकट तिजोरीत जातं, सकाळी पट्ट्यासकट बाहेर येतं. आणखी घट्ट करता आलं तर करा."

"आणि कोणी आलंच तर?" बायकोने विचारलं. आवाज तिने चढवला नव्हता, तरी कारागिराचा हात थांबला.

"कोण येतंय!"

"आलंच तर, विचारते मी."

"आलं तर काय, हात वर करायचे. शहाणा माणूस तेच करतो. त्याला कुठे होल्स्टर लागतं?" आणि तिला हसवावं म्हणून त्याने तिथेच, दुकानाच्या मधोमध, दोन्ही हात वर केले.

डावा हात सरळ डोक्यावर गेला. उजवा छातीपर्यंत आला आणि तिथेच राहिला.

पहारेकऱ्याने मान वळवून त्या हाताकडे पाहिलं, दुसऱ्या कोणाच्या हाताकडे पाहावं तसं. कारागीर खाली मान घालून, आधीच स्वच्छ असलेला पट्टा फडक्याने पुसू लागला.

बायको उठली. पिशवी तिने खुर्चीत ठेवली. जवळ येऊन त्याच्या उजव्या कोपराखाली आपला तळवा लावला आणि तो हात, डाव्याच्या बरोबरीला येईपर्यंत, हळूहळू वर नेला.

"हं. आता धरून ठेवा," ती म्हणाली, आणि आपला हात तिने काढला नाही.