पुण्यातली तीन दिवसांची परिषद

"एकाच टायमाले दोन हॉलात दोन भाषणं? मंग मानसानं आपले दोन तुकडे कराचे काय?" शकुबाईने बशीत चहा ओतत विचारलं.

"एक निवडायचं असते, आई," शुभांगी म्हणाली. "म्हणून तर आधीच ठरवून ठेवते. खूण केली ते ऐकायचं, बाकीचं सोडून द्यायचं."

"वाच. एकेक वाच."

पडवीत कूलर घरघरत होता. त्याच्यापुढे खाटेवर चंद्रकुमार पडला होता, डोळे मिटलेले, कान उघडे. बायकोने कालच विषय काढला होता. पुण्याला डेटा ॲनालिटिक्सची परिषद, तीन दिवस, खर्च राइस मिलचा. मिलमधल्या धानाची आवक-जावक तीच कॉम्प्युटरवर सांभाळायची, म्हणून तिला पाठवतात म्हणे. चंद्रकुमारने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल आपल्या आईवर, शकुबाईवर ढकलला, "आईनं हो म्हटलं तर जाय." आईनं आजवर सुनेच्या साध्या नव्या पातळालाही हो म्हटलेलं नाही, हे त्याला ठाऊक होतं.

लाखनीच्या हायवेवर त्याच्याइतका गोड बोलणारा टायरवाला दिवा घेऊन शोधला तरी सापडला नसता. आवाज चढवणं त्याच्या रक्तातच नव्हतं. मार्चमध्ये शुभांगीने मावसबहिणीच्या लग्नाला जायचं काढलं, तेव्हाही त्याने आवाज चढवला नाही. दाराची कडी तेवढी आतून लावली. आता मे महिना पेटला होता, उडता पक्षी भाजून खाली पडावा असं ऊन, आणि शुभांगीच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. ह्या वेळी उत्तर 'नाही' आलं तर पुन्हा विचारायची सोय उरणार नव्हती.

तिने परिषदेच्या वेळापत्रकाच्या कागदावर बोट ठेवलं. "पहिल्या दिवशी सकाळी हे. सोडून जाणारं गिऱ्हाईक आधीच कसं ओळखायचं."

"वळखू येते?"

"येते म्हणतात. ते भांडणं बंद करते. कुरकुर करत नाही. गप्प होते."

खाटेवरून चंद्रकुमार हसला. "हे तं मीच शिकवीन फुकटात. माहं गिऱ्हाईक जाऊन जाऊन जाईन कुठं? पंक्चर चाक घेऊन साकोलीपर्यंत?"

"तू झोप," शकुबाई म्हणाली. "दुसरं कोनतं?"

"दुपारी, गाळलेल्या नोंदी. आकड्यांत कुठंकुठं जागा रिकामी राहते. चुकून राहिली का मुद्दाम ठेवली, ते शोधायचं."

"रिकाम्या जागेत काय सापडते वं?"

"कधी कधी तिथंच सगळं असते."

शकुबाईने बशी खाली ठेवली. तिने कागद ओढून घेतला. चौथी शिकलेली बाई, उंदराने धानाचं पोतं कुरतडावं तशी एकेक अक्षर कुरतडत वाचायची. वाचता वाचता तिची उलटतपासणी चालू.

"राहाचं कुठं?"

"बायांच्या होस्टेलात."

"दाराची कडी कोन लावते?"

"आपणच. आतून."

"किल्ली?"

"आपल्यापाशीच राहते."

"दुसऱ्या कोनापाशी नाई?"

"नाही."

"अन् गुड्डी?"

"तिथं लेकरांची सोय आहे. सोबत नेते."

चंद्रकुमारचे डोळे उघडले. "गुड्डीले कायले?" तो लाडाने म्हणाला. "ते राहीन इथंच. लेकरू घरी असलं का माय लवकर परत येते."

शुभांगीच्या हातातला पेन खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि जरा वेळ वाकलेलीच राहिली.

"अन् दिवसभर तिच्यामागं मी धावू काय?" शकुबाई फणकारली. "गुडघे बसले माहे. लेकरू तिचं, तिनं न्यावं. मोठी आली भाषणं ऐकाले जानारी."

सकाळीच ही बाई तलावाच्या पाळीवरून चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन आली होती. पण ते बोलून दाखवायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. चंद्रकुमारने सुस्कारा सोडला. बायकोशी तो बोलू शके, आईशी नाही.

तेवढ्यात हायवेवर ट्रकचा भोंगा वाजला, एकदा, मग लांबलचक. दुकानापुढे गिऱ्हाईक खोळंबलं होतं. त्याने चपला अडकवल्या.

"आई, पक्की झडती घेजो. मी आल्यावर पाहतोच कागद. मलेही समजून घ्याचं हाय, बायको काय शिकून राहिली ते." अंगणात खेळणाऱ्या गुड्डीच्या डोक्यावर टपली मारून तो गेला.

शकुबाईचं वाचन चालूच. "साडेनऊ ते एक. एक ते तीन. तीन ते सहा." बोट तिसऱ्या दिवसाच्या तळाला गेलं आणि परत वर आलं. तिने चष्मा काढला.

"ह्यात जेवन कुठं हाय?"

शुभांगीने कागदाकडे पाहिलं. मग सासूकडे.

"तेरवीच्या पत्रिकेत बी जेवनाचा टाइम रायते," शकुबाई आवाज न चढवता म्हणाली. "येवढी मानसं तीन दिवस उपाशी बसतीन काय? तो पयलं हेच इचारन. लिवतानी घाई केली तू."

शुभांगीने कागद परत घ्यायला हात पुढे केला.

शकुबाईने बशी उचलली आणि उरलेला चहा कागदावर ओतला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, सारवण घालावं तसा.

"चहा सांडला, पाह्य, माह्या हातून. उद्या मिलातून दुसरा छापून आन, जेवन घालून. अन् तिकिटं दोन काढजो. जायचं बसाले, यायचं दाखवाले."