एकच क्रेन

न्हाव्याला बायको गेल्याचं कळलं, त्याच दिवशी परकं सैन्य गल्लीत शिरलं. त्यांच्याच बॉम्बने शिवणवर्गाची इमारत बसली होती आणि ती आत होती. भोंग्यावरून सांगत होते, हुकूमशहा पळाला, आता लोकशाही आली.

आठवड्याने त्या सैन्याचा साहेब दुभाष्याला घेऊन आला. "आता तुमचंच राज्य. बोला, काय हवंय?"

"क्रेन द्या," न्हावी म्हणाला. "बायको स्लॅबखाली आहे. निदान माती तरी देतो तिला."

"क्रेन एकच आहे. आधी ढिगारा की आधी पाण्याची टाकी? हात वर करून ठरवा. लोकशाहीत असंच असतं."

"टाकी फोडताना विचारलं होतंत का रे बाबा?" शेजारची मावशी म्हणाली. दुभाष्याने तेवढं वाक्य गाळलं.

पोरं तहानलेली होती. ढिगाऱ्यासाठी एकट्या न्हाव्याचा हात वर झाला, बाकी सगळे हात टाकीसाठी वर गेले. मेहुण्याचाही, खाली मान घालून. साहेबाने फोटो काढला आणि न्हाव्याशी हात मिळवला. "हरलात, पण मत दिलंत. अभिनंदन."

न्हाव्याने हात सदऱ्याला पुसला.



टाकी झाली, तशी क्रेन पुढच्या गावाला लोकशाही द्यायला गेली. बायको अजून स्लॅबखालीच आहे.